फ्रिजच्या दारातला कप्पा तिसऱ्यांदा तडकला, चिकटवायचा तरी कशाने?

ऋतुगंध
मंडळी, फ्रिजच्या दारात बाटल्या ठेवायचा खालचा पारदर्शक कप्पा असतो ना, त्याच्या उजव्या कोपऱ्याला तडा गेलाय. आधी केसाएवढी चीर होती, मग ती वळत वळत दाराच्या खाचेत अडकणाऱ्या कडेपर्यंत गेली. सुपरग्लूने चिकटवला, नऊ-दहा दिवस टिकला. परत चिकटवला, चार दिवस. तिसऱ्यांदा भरपूर ग्लू ओतला तर आजूबाजूला सगळं पांढरं धुरकट झालं आणि काल दार उघडताना जुन्या जोडाला खेटूनच नवीन तडा गेला. जोड मात्र जागच्या जागी शाबूत!

मॉडेल जुनं आहे, हा भाग आता बनत नाही असं उत्तर आलं. बाकी फ्रिज अगदी ठणठणीत चालतोय, एवढ्याशा प्लास्टिकसाठी तो बदलायला मन होत नाही. तर नेमका कुठला ग्लू आणायचा? मिक्सरचं झाकण आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या झाकणाचा खटका हेही रांगेत आहेत, त्यामुळे तुमचे सगळ्या प्रकारचे अनुभव लिहा.

तिसरी घंटा
दोन ट्यूबवाला इपॉक्सी. विषय संपला.

खटाटोप
विषय एवढ्यात नाही संपत हो घंटाराव :) इपॉक्सी कशाला लावताय त्यावर सगळं आहे. माझ्या बादलीला लावलेला इपॉक्सी वाळल्यावर नखाने अख्खाच्या अख्खा सोलून निघाला, साप कात टाकतो तसा.

पाचर
ऋतुगंध, ग्लूचं नाव विचारण्याआधी प्लास्टिकचं नाव विचारा. कप्पा उलटा करा, तळाला किंवा मागच्या बाजूला > आणि < अशा दोन चिन्हांच्या मध्ये काही अक्षरं कोरलेली असतील. एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीएस (पॉलिस्टायरीन), पीसी (पॉलिकार्बोनेट) असं काहीतरी. बाटल्यांवर त्रिकोणात आकडा असतो तो वेगळा, त्यात ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, २ आणि ४ पॉलिथिलीन आणि ७ म्हणजे "इतर", ज्यातून फारसं काही कळत नाही.

हे का महत्त्वाचं, तर पीपी आणि पॉलिथिलीन ही मेणासारखी प्लास्टिकं आहेत. त्यांच्यावर द्रव पसरतच नाही, थेंब होऊन बसतो, मग ग्लू कुठला धरणार. खटाटोप यांच्या बादलीचं तेच झालं. एबीएस आणि पीएस मात्र चिकटायला सोपी असतात, शिवाय योग्य द्रावकाने त्यांचे दोन तुकडे एकमेकांत विरघळवून एकजीव करता येतात. तो जोड चिकटवलेला नसतो, वेल्ड झालेला असतो.

ऋतुगंध
@पाचर, बघितलं. >पीएस< लिहिलंय! इतकी वर्षं रोज पुसतेय, कधी लक्षच गेलं नव्हतं.

सांजवारा
पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन ना, मग नेलपॉलिश रिमूव्हर चालेल की. जुना सुपरग्लूही त्याने निघेल आणि प्लास्टिकही जुळेल, एका दगडात दोन पक्षी.

पाचर
नको नको, थांबा! रिमूव्हरमधला अ‍ॅसिटोन सुपरग्लूला हळूहळू मऊ करतो पण पॉलिस्टायरीनवर त्याच्या कितीतरी आधी हल्ला करतो. पारदर्शक कप्पा दुधाळ होईल आणि आधीच ताणाखाली असलेल्या कोपऱ्यात बारीक चिरांचं जाळं उमटेल. मिक्सरचं झाकण पॉलिकार्बोनेटचं असेल तर तिथेही अ‍ॅसिटोन लावायचा नाही, तेही पांढरं पडून तडकतं. आणि सगळ्या रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतोच असंही नाही.

जुना ग्लू खरवडूनच काढा. ब्लेडची पाठ, मग पॉलिश पेपर.

सांजवारा
बरं झालं बोललात, मी आजच झाकणावर करणार होते.

जुनं ते सोनं
मी मात्र अ‍ॅसिटोनवर मनापासून प्रेम करतो, पण फक्त एबीएससाठी. टीव्हीचे रिमोट, व्हॅक्यूमचं धड, हेअर ड्रायरचं कव्हर, बहुतेक अपारदर्शक टणक कव्हरं एबीएसची निघतात. त्याच वस्तूच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागातून थोडं प्लास्टिक खरवडायचं, काचेच्या छोट्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी पातळ खळीसारखं होतं. ते तड्यात आतल्या बाजूने भरायचं, वर काचतंतूच्या जाळीची पट्टी आणि त्यावर परत एक थर. रंगही तोच येतो कारण प्लास्टिक तेच. लहान मुलांचे ते जोडायचे ठोकळे असतात ना, लेगो, ते १९६३ पासून एबीएसचेच आहेत, त्यामुळे हवा तो रंग त्यांच्यातून मिळतो.

दोन गोष्टी. एक, खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको, अ‍ॅसिटोनची वाफ झटकन पेट घेते. दोन, घाई करू नका. वरून कोरडं वाटतं पण आत द्रावक अडकलेला असतो, पूर्ण ताकद यायला दोन-तीन दिवस द्या. मी माझ्या वडिलांच्या रेडिओचं कव्हर असं जोडलंय, आठ वर्षं झाली, रोज सकाळी तो वाजतो.

टाकाऊ टिकाऊ
@जुनं ते सोनं, मुलगा ठोकळे देईल का हा प्रश्न आहे :D

मिणमिणता दिवा
अवांतर पण धाग्याशी संबंधित. सुपरग्लू सापडला तोच मुळी चुकून. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर आणि सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, हे रसायन हात लावू त्याला चिकटायला लागलं म्हणून बाजूला ठेवून दिलं, आणि १९५८ मध्ये तेच ग्लू म्हणून बाजारात आलं. तो वाळून घट्ट होत नाही, पृष्ठभागावरच्या किंचित ओलाव्यामुळे घट्ट होतो. म्हणून थर जितका पातळ तितका जोड चांगला. ऋतुगंध यांनी ओतला भरपूर, त्याची वाफ आजूबाजूला बसली, तेच ते पांढरं धुरकट.

आणि तो सरळ ओढलं तर दाद देत नाही, पण वाकवलं किंवा सोललं की काचेसारखा तुटतो. दाराचा कप्पा तर प्रत्येक वेळी वाकतो. दार उघडलं की बाटल्या पुढे, बंद केलं की मागे.

पक्कड
इथे बरोबर मुद्द्यावर आलात. मी दुरुस्तीच्या कामातच वीसेक वर्षं आहे, तर थोडं सविस्तर लिहितो. लोक तडा गेलेली वस्तू घेऊन येतात आणि विचारतात चिकटेल का. मी विचारतो तडा का गेला. कारण तेच राहिलं तर परत जाणारच, या धाग्यात गेलाय तसा, जोडाच्या शेजारून.

कारणं बहुतेक चारच असतात. आतला कोपरा काटकोनात असेल तर सगळा ताण त्या एका रेषेत साठतो. दुसरं, स्क्रू जास्त आवळलेला. तिसरं, तेल किंवा साबण. हे फार कमी लोकांना माहीत असतं पण ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरीनवर तेलाचा ओघळ राहिला तर ते एरवी सहन झालं असतं अशा वजनालाही तडकतं. पॉलिकार्बोनेटला तसाच त्रास कडक क्षारयुक्त साबणाचा आणि गरम पाण्याचा. चौथं म्हणजे वय, ऊन लागून पिवळं पडलेलं प्लास्टिक आतून ठिसूळ झालेलं असतं, तिथे जोड धरला तरी शेजारचा भाग धरत नाही.

आता तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. टोक जितकं अणकुचीदार तितकं ते पुढे धावतं, गोल भोकात त्याचा जोर पसरतो. ठिसूळ पीएसला ड्रिल अगदी हळू फिरवा, खाली लाकूड धरा, दाबू नका. मग चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच. साबणाने धुणं, पूर्ण वाळवणं, पॉलिश पेपरने खरखरीत करणं, मग चिकटवणं, आणि मागून पट्टी. पट्टीशिवाय केलेलं काम मी दुरुस्ती मानत नाही. जोडाने फक्त तुकडे जागेवर धरायचे, भार पट्टीने घ्यायचा.

आणि सिलिकॉन सीलंट आधी लावून बघू नका हो कृपा करून! एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी नंतर काहीच धड चिकटत नाही.

अबोली
पक्कड, भोकाची कल्पना मस्तच. माझ्या फ्रिजच्या आतल्या भिंतीला, फ्रीजरच्या खाली, बोटभर चीर आहे. तिथेही दोन्ही टोकांना भोकं पाडू का?

पक्कड
नाही! अबोली, अजिबात नाही. वरचं फक्त सुट्या निघणाऱ्या भागांसाठी. फ्रिजच्या भिंतीमागे फोम असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये थंडाव्याच्या नळ्या त्या पातळ प्लास्टिकच्या लगेच मागे असतात. एक भोक चुकलं तर गॅस गेला आणि फ्रिजही गेला. हल्लीच्या पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये आर६००ए म्हणजे आयसोब्यूटेन असतो, तो ज्वालाग्राही आहे. बर्फ सुरीने खरवडू नये तेही याचसाठी.

तुमची चीर तशीच सोडूही नका. त्यातून ओलावा फोममध्ये जातो, तिथे बर्फ धरतो, चीर रुंदावते आणि फोम ओला झाला की थंडावा धरत नाही, मग कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. प्लग काढा, दार उघडं ठेवून पूर्ण वितळू द्या, पुसा, एक दिवस पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. मग चिरेभोवतीची जागा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करून वर चिकटपट्टीची अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा, गोल कोपरे कापून, चमच्याच्या पाठीने दाबत दाबत. दिसायला साधं पण वर्षानुवर्षं टिकतं. द्रावक, सोल्डरिंग, ड्रिल काही नको तिथे.

अबोली
बापरे. विचारलं ते बरं केलं. धन्यवाद, मनापासून.

तिसरी घंटा
मी टेबल फॅनचं तुटलेलं पातं इपॉक्सीने जोडलंय आणि दोन उन्हाळे चालतंय. सगळ्यालाच एवढं घाबरायचं का?

पक्कड
घंटाराव, रागावू नका, पण ते पातं आज काढा. फिरणाऱ्या पात्याच्या टोकावर वजनाच्या कितीतरी पट ओढ असते, शिवाय तुमच्या इपॉक्सीच्या थराने एक पातं जड झालंय म्हणजे ते रोज हादरे घेतंय. दोन उन्हाळे टिकलं याचा अर्थ ते दोन उन्हाळे थकलं. फॅनचं पातं, वॉशिंग मशीनमधली तळाची चकती, मिक्सरची कपलिंग, जे जे वेगाने फिरतं ते बदलायचं, जोडायचं नाही. तसंच प्लगचं कव्हर, इस्त्रीचा दांडा, गीझरचं झाकण, जिथे त्या प्लास्टिकने वीज किंवा उष्णता अडवायची आहे तिथेही नाही.

तिसरी घंटा
हादरतो खरा. मला वाटायचं जमीनच वाकडी आहे. काढतो उद्या, घरात लहान मूल आहे.

टाकाऊ टिकाऊ
शाब्बास घंटाराव.

खटाटोप
माझ्या पीपीच्या बादलीचं शेवटी काय केलं ते सांगतो. सोल्डरिंगचं हत्यार आणि स्टीलच्या जाळीचा तुकडा. जाळी चिरेवर ठेवून गरम टोकाने हळूहळू आत बुडवली, वर जुन्या पीपीच्या डब्याच्या कापलेल्या पट्ट्या वितळवून भरल्या. पीपी साधारण १६०-१६५ अंशांना वितळतं आणि सोल्डरिंगचं टोक ३५० वर असतं, त्यामुळे तापमान कमी करता येणारं हत्यार असेल तर बरं. धूर दिसला म्हणजे प्लास्टिक जळतंय, वितळत नाहीये. भरायचं प्लास्टिक त्याच जातीचं पाहिजे, मी आधी नायलॉनचा केबल टाय वितळवून बघितला, तो नुसता वर बसला, पीपीत मिसळलाच नाही.

पीव्हीसीला मात्र हे करू नका, तापवलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, नाक-डोळे तर जातातच पण सोल्डरिंगचं टोकही गंजतं.

सांजवारा
पण कुठलीच अक्षरं कोरलेली नसतील तर ओळखायचं कसं? माझ्या मशीनच्या पावडर टाकायच्या ट्रेवर काही नाहीये.

मिणमिणता दिवा
चिमूटभर तुकडा पाण्यात टाका. पीपी आणि पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकी, तरंगतात. एबीएस, पीएस, पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी बुडतात. तुकड्याला बुडबुडे चिकटलेले नसावेत, पाण्यात एक थेंब साबण टाकला की झालं. बुडणाऱ्यांतलं पुढे वेगळं करायचं तर भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात एबीएस आणि पीएस वर येतात, पीव्हीसी तरी तळालाच राहतं.

जुनं ते सोनं
यात एक फसगत आहे. माझ्या वॉशिंग मशीनच्या टाकीचा तुकडा बुडाला म्हणून मी त्याला एबीएस समजून अ‍ॅसिटोन लावत बसलो, ढिम्म हललं नाही. नंतर कोपऱ्यात अक्षरं सापडली, पीपी-जीएफ३०. म्हणजे पीपीच, पण ३० टक्के काचतंतू मिसळलेलं, म्हणून जड. टीडी२० असेल तर २० टक्के टाल्कची पूड. त्यामुळे बुडालं तरी आतल्या बाजूला अ‍ॅसिटोनचा कापसाचा बोळा टेकवून बघा, पृष्ठभाग चिकट झाला तर एबीएस किंवा पीएस, काहीच झालं नाही तर बहुधा पीपीच्या घराण्यातलं. पारदर्शक भागावर ही परीक्षा नको, पाचर यांनी वर सांगितलंय ते कारण.

टाकाऊ टिकाऊ
आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? ऋतुगंध, मी छंद म्हणून विमानांची छोटी मॉडेल्स जोडतो. ती मॉडेल्स पॉलिस्टायरीनचीच असतात आणि त्यांच्यासाठी जे पातळ सिमेंट मिळतं, बारीक ब्रश झाकणालाच असतो, ते द्रावक असतं. दोन तुकडे घट्ट जुळवून धरायचे आणि ब्रश फटीला नुसता टेकवायचा, ते आपोआप आत ओढलं जातं आणि दोन्हीकडचं प्लास्टिक एकमेकांत वितळतं. अ‍ॅसिटोनइतकं आडदांड नाही, पण ओघळलं तर तेही डाग पाडतंच, थेंबाथेंबाने.

तुमच्या जुन्या जोडात ते चालणार नाही, सुपरग्लूने चिरेचं तोंड भरून टाकलंय. नवीन तड्यात चालेल. आणि पक्कड म्हणतात त्या पट्टीसाठी, सीडीची पारदर्शक डबी असते ना, ती पॉलिस्टायरीनची असते! डबी बरं का, सीडी नाही, सीडी पॉलिकार्बोनेटची. डबीचं झाकण कापून पट्टी केलीत तर तुमच्या कप्प्याच्याच जातीचं ठिगळ झालं.

ऋतुगंध
अय्या, सीडीच्या डब्या तर कपाटात खोकंभर पडून आहेत. या शनिवारी बसतेच.

पाचर
हा प्रतिसाद वाचून इतका आनंद झाला! पट्टी कापताना ब्लेडने पाच-सहा वेळा रेघ ओढा आणि मग मोडा, कात्रीने चिरफळ्या होतील. कोपरे गोल करा.

ऋतुगंध
तीन आठवड्यांनी आलेय, मुद्दाम थांबले होते.

जुना ग्लू काढायलाच दोन संध्याकाळ गेल्या. पॉलिश पेपरने खरवडून खरवडून बोटं दुखली पण निघाला. आधी सरावाला सीडीच्या डबीचेच दोन तुकडे जोडून बघितले, दुसऱ्या दिवशी तोडायला गेले तर जोड सोडून दुसरीकडूनच मोडले, तेव्हा विश्वास बसला. मग चिरेच्या टोकाला भोक हाताच्या ड्रिलने, एकदम हळू. तड्यात सिमेंट, रबरबँडने आवळून रात्रभर. कोपऱ्याच्या आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन पट्ट्या, कोपरा वळतो म्हणून पट्टी गरम पाण्यात बुडवून वाकवायला गेले तर मोडली. मग मिणमिणता दिवा यांना विचारलं, त्यांनी सांगितलं पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ होतं त्यामुळे नुसत्या गरम पाण्याने भागणार नाही. शेवटी काटकोनात दोन वेगळ्या पट्ट्या लावून मधल्या कोनात तिसरी तिरकी लावली, घडवंचीला आडवी फळी मारतात तशी. आठवडाभर रिकामा ठेवला, द्रावक उडून जावा म्हणून.

आता बारा दिवस भरलेला आहे. जड बाटल्या बिजागरीच्या बाजूला सरकवल्या, तिकडे दाराचा झटका कमी बसतो हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. पट्ट्या दिसतात, एका ठिकाणी ओघळाचा दुधाळ डागही आहे. पण रोज दार उघडते तेव्हा मी त्या कोपऱ्याकडेच बघते आणि फार बरं वाटतं.

पक्कड
ती तिरकी पट्टी कुणी शिकवली नसताना लावलीत, त्यानेच कप्पा टिकणार. काटकोनाचा ताण तिने वाटून घेतलाय. उत्तम काम.

अबोली
माझी फॉइलही टिकलीये, एक कडा किंचित सुटली होती ती परत दाबली. ऋतुगंध, व्हॅक्यूमच्या खटक्याचं काय केलं? माझाही तसाच तुटलाय.

ऋतुगंध
त्याला अजून हात लावला नाही. सुचवा कुणीतरी.

पक्कड
खटका चिकटवून टिकत नाही, त्याचं कामच प्रत्येक वेळी मुळातून वाकणं आहे आणि तो मुळातूनच तुटतो. त्याला तसाच सोडा आणि बाहेरून वेल्क्रोचा पट्टा गुंडाळा. झाकण नीट बसलं पाहिजे, नाहीतर हवा गळून ओढ कमी होते. आतला स्क्रूचा खांब चिरला असेल तर सांगा, त्यावर तांब्याची बारीक तार गच्च गुंडाळून इपॉक्सी लावतात. सुती दोरा आणि सुपरग्लू एकत्र नको, कापसावर तो इतका तापतो की हात पोळतो. आणि स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात पडला की मगच सुलटा पिळा, म्हणजे दर वेळी नवे आटे कापले जात नाहीत.

अबोली
खांबच चिरलाय. दोन्ही बाजूंनी. तार आहे घरात, उद्या फोटो टाकते.